आजार, सब्र आणि संकोच

रमजानच्या दुपारी मोहल्ल्यातल्या हॉटेलच्या दाराला पडदा लागतो. आत भट्टी चालूच असते. प्रवासी येतात, हमाल येतात, इतर धर्मांचे गिऱ्हाईक येते. पडदा असतो तो रोजेदारांचा मान राखण्यासाठी. त्या पडद्यामागे, कोपऱ्यातल्या टेबलाशी दाराकडे पाठ करून बसलेले एखादे चाचाही असतात. साठी उलटलेली, डोक्याला टोपी, खिशात गोळ्यांची पट्टी. पंधरा वर्षांपासून शुगर आहे आणि डॉक्टरांनी रोजा धरायला साफ मनाई केली आहे. पण घरात नातवंडांचेही रोजे, त्यांच्यासमोर ताट घेऊन बसायचे कसे? म्हणून ते रोज दुपारी इथे येतात, भराभर चार घास खातात, तोंड पुसतात आणि बाहेर पडतात. रस्त्यात जुना हिंदू मित्र भेटतो. "काय चाचा, रोजे कसे चाललेत?" तो आपुलकीने विचारतो. "अल्लाहची मेहरबानी," चाचा उत्तरतात. मित्र हातातला चहाचा कप पाठीमागे धरतो. चाचांना ते दिसते आणि त्यांची मान आणखी खाली जाते.

पलीकडच्या गल्लीत एक आपा राहतात. त्यांनाही शुगर, वर ब्लडप्रेशर. त्यांनी डॉक्टरांना विचारलेच नाही, कारण विचारले तर ते नाही म्हणतील. सहेरीला सगळ्यांच्या आधी उठायचे, घरादाराला वाढायचे, स्वतः चहा आणि दोन खजुरांवर रोजाची नियत करायची, सकाळची गोळी बंद ठेवायची. असर म्हणजे दुपारची नमाज उलटली की हात थरथरू लागतात, अंगाला घाम फुटतो. तरी कढईसमोरून त्या हलत नाहीत, इफ्तारची भजी व्हायची असतात. सून काही बोलली तर उत्तर ठरलेले, "अल्लाह बघून घेईल."

तिसरा आहे तिशीतला तरुण. दोन्ही किडन्या निकामी, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. तो काही लपवत नाही आणि औषधही चुकवत नाही. पण तरावीहच्या नमाजला जाणे त्याने सोडले, मित्रांचे फोन घेणे सोडले. रात्री जागा राहतो आणि एकच हिशेब मांडत बसतो: आपल्या हातून असे काय घडले की अल्लाहने ही सजा दिली?

अशी माणसे कोणत्याही गावात भेटतील. रमजानमध्ये ती जास्त दिसतात इतकेच, कारण आजारी माणूस आणि निरोगी माणूस यांच्यातला फरक या महिन्यात ताटावर येतो. तिघांचे आजार डॉक्टरांच्या कागदावर लिहिलेले आहेत. आजाराला तिघे कसे सामोरे जातात, याची नोंद मात्र कुठल्याच कागदावर नाही. एक लपवतो, एक नशिबावर सोडते, एक स्वतःला दोषी ठरवतो. त्यांच्या मनाचे पुढे काय होणार, हे बऱ्याच अंशी या नोंद नसलेल्या गोष्टीवर ठरते.

आयुष्यभराचा आजार

ताप येतो, पाच-सात दिवसांत जातो. मधुमेह, किडनीचा विकार, दमा, संधिवात हे आजार जात नाहीत. त्यांच्यासोबत दिवस काढावे लागतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. म्हणजे प्रत्येक गल्लीत, प्रत्येक धर्माच्या घरात तो पोहोचला आहे. मधुमेह असलेल्यांत नैराश्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट असते, असे अनेक अभ्यास एकत्र तपासून २००१ साली मांडण्यात आले. ही दुसरी गोष्ट मात्र फारशी कुणी बोलत नाही.

शरीर आणि मन एकमेकांना ओढतात. मन खचले की माणूस फिरायला जात नाही, गोळी विसरतो, वेळी-अवेळी खातो. ताणामुळे शरीरात जे स्राव वाढतात, ते रक्तातली साखरही वाढवतात. साखर वाढली की थकवा येतो, रिपोर्ट बिघडतो, घरचे बोलतात आणि मन आणखी खचते. या फेऱ्यात अडकलेल्या माणसाला नुसते "पथ्य पाळा" सांगून भागत नाही.

रिचर्ड लॅझारस आणि सुझन फोकमन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८४ साली ताणाविषयी एक महत्त्वाचा ग्रंथ लिहिला. त्यांच्या मते संकटाला माणूस दोन तऱ्हांनी सामोरा जातो. एक, संकटावरच काही इलाज करणे: माहिती घेणे, मदत मागणे, बेत आखणे. दुसरी, संकटामुळे मनात जे उसळते ते सांभाळणे: मोकळेपणाने बोलणे, स्वीकारणे, प्रार्थना करणे, लक्ष दुसरीकडे वळवणे. यातली कोणतीही एक तऱ्हा नेहमीच चांगली आणि दुसरी नेहमीच वाईट, असे नाही. जिथे काही बदलता येते तिथे इलाज कामाला येतो, जिथे बदलता येत नाही तिथे स्वीकार कामाला येतो.

दीर्घ आजारात या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला येतात, ही खरी अडचण आहे. मधुमेह झाला, हे आता बदलणार नाही. ते स्वीकारावे लागते. पण आजची साखर किती, आजचे जेवण काय, आजची गोळी घेतली की नाही, हे बदलता येते. आपांनी बदलता येणारी गोष्टही नशिबावर सोडली. तो तरुण न बदलणाऱ्या गोष्टीशी रात्रभर भांडतो. चाचांनी इलाज बरोबर केला, पण तो गुन्ह्यासारखा लपवला. तिघांचेही मन थकते आहे.

सब्र या शब्दाचा अर्थ

मुस्लीम घरात आजारी माणसाला पहिला सल्ला मिळतो तो सब्र करण्याचा. सल्ला चांगला आहे, फक्त त्याचा अर्थ अनेकदा चुकीचा लावला जातो. सब्र म्हणजे गप्प राहणे, कुरकुर न करणे, डॉक्टरकडे न जाणे असे पुष्कळांना वाटते.

सब्राचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणून हजरत अय्यूब (अ.) यांचे नाव घेतले जाते. संपत्ती गेली, संतती गेली, शरीर आजाराने पोखरले. पण ते मुके राहिले नव्हते. आपल्याला यातना होत आहेत, हे त्यांनी आपल्या पालनकर्त्यापुढे उघड मांडले. पवित्र कुरआनात त्यांची ही विनवणी आहे आणि तरीही त्यांना सब्र करणारे म्हणूनच गौरवले आहे. त्यांना आदेश मिळाला तोही काही करण्याचा होता: जमिनीवर पाय मारण्याचा. तिथून निघालेल्या थंड पाण्याने स्नान करायचे होते, ते प्यायचे होते. हजरत याकूब (अ.) पुत्रवियोगाने इतके व्याकूळ झाले की त्यांचे डोळे पांढरे पडले. दुःख व्यक्त केले म्हणून त्यांचा सब्र कमी ठरला नाही.

तवक्कुल म्हणजे अल्लाहवर भरवसा. त्याबद्दलची उंटाची हदीस अनेकांना ठाऊक असते. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की आधी बांधू, असे एकाने विचारले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी बांधायला आणि मग भरवसा ठेवायला सांगितले. आपांच्या बाबतीत शुगर तपासणे आणि डॉक्टरांना विचारणे हेच उंट बांधणे आहे. त्यानंतरचे "अल्लाह बघून घेईल" हे वाक्य खऱ्या अर्थाने श्रद्धेचे ठरेल. त्याआधीचे वाक्य बरेचसे भीतीचे आहे.

इस्लामी परंपरेत मनाच्या आजाराचा विचार नव्हता, असेही नाही. नवव्या-दहाव्या शतकांत होऊन गेलेले अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. शरीर आजारी पडते तसे मनही आजारी पडते, एकाचा त्रास दुसऱ्याला पोहोचतो, हे त्यांनी सांगितले. कारण ठाऊक असलेले दुःख आणि कारणाशिवाय येणारी उदासी यांत त्यांनी फरकही केला. हजार वर्षांपूर्वी एक मुस्लीम विद्वान हे लिहीत होता आणि आज त्याच समाजात मनोविकारतज्ज्ञाच्या दारात पाऊल ठेवायला माणूस कचरतो.

सजा की परीक्षा?

श्रद्धा आजारी माणसाला आधार देते. पण ती प्रत्येक वेळी आधारच देते का? अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी या प्रश्नावर आयुष्यभर काम केले. त्यांचा आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. रुग्णालयात दाखल झालेल्या, पंचावन्न आणि त्यावरील वयाच्या ५९६ रुग्णांची दोन वर्षांनी पुन्हा माहिती घेण्यात आली. देवाने आपल्याला सोडून दिले, त्याचे आपल्यावर प्रेम उरले नाही, अशा विचारांशी झगडणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका अधिक आढळला. त्यातले बहुसंख्य रुग्ण ख्रिस्ती होते, समाज वेगळा होता. पण तो तरुण रात्री जो हिशेब मांडतो, तो याच जातीचा आहे.

हा हिशेब मुस्लीम घरापुरता नाही. शेजारच्या हिंदू घरात त्याला पूर्वजन्मीचे भोग म्हणतात, कुणी प्रारब्ध म्हणते, कुणी साडेसाती. शब्द वेगळे असले तरी त्यांचा भार सारखाच असतो. शेजारची काकू शुगर असूनही संकष्टी आणि एकादशी सोडत नाही. वर उपवासाला साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा खाते, ज्याने साखर झपाट्याने वाढते. नवरात्रात नऊ दिवस उपवास धरून दवाखान्यात पोहोचणाऱ्या बायका डॉक्टरांना नवीन नाहीत. आपा आणि काकू एकाच गच्चीवर पापड वाळत घालतात. दोघींनी एकमेकींना हा प्रश्न विचारला तर उत्तर बहुधा एकच येईल: "सोडला तर लोक काय म्हणतील?"

आजार म्हणजे सजा, असे मानणाऱ्याला धर्माचे ज्ञान असलेल्या माणसाने जवळ बसून समजावणे गरजेचे आहे. हदीसनुसार आजारपणामुळे मोमिनाची पापे झडतात आणि आजाऱ्याची विचारपूस करणे हा मुसलमानाचा मुसलमानावरचा हक्क आहे. सजा मिळालेल्या माणसाची विचारपूस करायला कुणाला सांगितले असते का?

सवलत दोनदा सांगितली आहे

रोजा फर्ज असल्याचा आदेश कुरआनच्या दुसऱ्या अध्यायात, सूरह अल-बकरामध्ये आहे. आजारी आणि प्रवासी यांना दिलेली सवलत त्याच ठिकाणी, १८४व्या आणि पुन्हा १८५व्या आयतीत आहे. आजार बरा होणारा असेल तर सुटलेले रोजे नंतर पूर्ण करावेत. बरा होण्याची आशा नसेल तर प्रत्येक रोजाबद्दल एका गरिबाला जेवू घालावे, त्याला फिदिया म्हणतात. अल्लाहला माणसासाठी सोपेपणा हवा आहे, अडचण नको, असा या सवलतीमागचा भाव तिथेच स्पष्ट केला आहे. म्हणजे चाचा पडद्यामागे बसून जे करतात, ते धर्माने त्यांना उजेडात दिलेले आहे.

काही जण म्हणतील, अशाने जो तो आजाराचे निमित्त सांगेल. निमित्त सांगणारे असतीलही, पण त्यांना लपायला आजार लागत नाही. खरा रुग्णच संकोचाने मरतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रोजाने मनाला शांती मिळते, माणूस समाजाशी जोडलेला राहतो, तो सोडायला लावून रुग्णाला एकटे पाडायचे का? ही भावना खरी आहे. तेरा देशांतल्या बारा हजारांहून अधिक मुस्लीम मधुमेही रुग्णांचा एक मोठा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. प्रौढपणी होणारा, म्हणजे टाइप टू मधुमेह असलेल्यांपैकी ७९ टक्के आणि इन्शुलिनशिवाय ज्यांचे चालतच नाही अशा टाइप वन रुग्णांपैकी ४३ टक्के लोकांनी रमजानमध्ये रोजे धरले होते. त्याच अभ्यासात साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याच्या घटना टाइप टू रुग्णांत साडेसात पट वाढलेल्या दिसल्या.

या आकड्यांतून डॉक्टरांनी आणि समाजानेही शिकण्यासारखे आहे. नुसते "रोजा धरू नका" म्हटल्याने माणूस थांबत नाही, फक्त सांगणे थांबवतो. आपांनी तेच केले. म्हणून आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने तज्ज्ञांसोबत रमजानसाठी मार्गदर्शक सूचना तयार केल्या, २०२१ साली त्या सुधारल्या. त्यांत सरसकट हो किंवा नाही नाही. रुग्णाचे वय, औषधे, किडनीची स्थिती, आधीचा त्रास पाहून धोका कमी, मध्यम की जास्त हे ठरते. कमी धोका असलेला रुग्ण औषधांच्या वेळा बदलून, शुगर तपासत रोजा धरू शकतो. त्यासाठी रमजानच्या सहा-आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटावे लागते. शुगर तपासायला बोटातून थेंबभर रक्त काढल्याने रोजा तुटत नाही, असेच बहुतेक उलेमा सांगतात. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर मात्र इफ्तारला दहा मिनिटे उरली असली तरी रोजा तिथेच सोडायचा असतो.

डॉक्टरांनी "तुम्ही रोजा धरणार आहात का?" असे मायेने विचारले, तर आपा खरे सांगतील. खरे सांगितले की बेत आखता येतो. बेत असला की भीती कमी होते.

घर, मशीद आणि शेजार

आजाराला कसे सामोरे जायचे, हे एकट्या रुग्णाच्या हातात नसते. "मन खंबीर ठेवा" म्हणणे सोपे आहे. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला शुगर तपासायच्या पट्ट्यांचा खर्च परवडत नाही, डायलिसिसच्या दिवशी मजुरी बुडते. अशा माणसाच्या खचण्याला त्याचा कमकुवत स्वभाव म्हणणे अन्यायाचे आहे. जकात आणि सदका देणाऱ्यांनी गरजू आजाऱ्याच्या औषधांचा, इन्शुलिनचा खर्च जरूर विचारात घ्यावा.

घरात दुपारी आजोबांचे ताट उघड वाढले जावे. नातवंडांना सांगावे की आजोबांनी आज खाणे हेही अल्लाहने दिलेल्या सवलतीप्रमाणेच आहे. मुले समजूतदार असतात, लपवाछपवी त्यांना मोठ्यांकडूनच शिकायला मिळते. मशिदीत रमजानच्या आधीच्या जुम्म्याला मौलानांनी पाच मिनिटे या विषयाला द्यावीत. रुग्णाला आपल्या डॉक्टरचे ऐकायला मिंबरवरून सांगितले गेले, तर त्याचे मोल दवाखान्यातल्या दहा सूचनांपेक्षा अधिक आहे. हिंदू मित्राने चहाचा कप लपवण्याऐवजी "तब्येत कशी आहे?" एवढे विचारावे. त्या प्रश्नाला खरे उत्तर देता येते.

आणि मनाचे दुखणे ओळखावे. गेले दोन आठवडे बहुतेक दिवस उदास वाटते का? एरवी आवडणाऱ्या गोष्टींत रस उरलेला नाही का? हे दोन प्रश्न कुणीही विचारू शकते. उत्तर "हो" असेल तर डॉक्टरांना सांगायला हवे. सरकारची टेलि-मानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा २०२२ पासून सुरू आहे, तिथे मराठीतही बोलता येते. जगणेच नकोसे वाटत असेल तर एक दिवसही वाट पाहू नये.

हजरत अनस (रजि.) यांनी सांगितलेली एका प्रवासातली हकीकत या चाचांना कुणीतरी ऐकवायला हवी. दिवस कडक उन्हाचा होता. काहींचे रोजे होते, काहींचे नव्हते. मुक्कामावर पोहोचताच रोजेदार थकून पडले. ज्यांचे रोजे नव्हते त्यांनी तंबू ठोकले, जनावरांना पाणी पाजले. प्रेषितांनी (स.) तेव्हा म्हटले की आजचे पुण्य रोजा नसलेल्यांनी नेले.

मगरिबची अजान व्हायच्या आधी दस्तरखान अंथरला जातो. खजूर मांडायला, फळे चिरायला, शेजारच्या काकूंकडे फिरनीचे भांडे पोहोचवायला हात हवे असतात. दुपारी जेवलेले चाचा या कामाला सर्वांत ताजेतवाने आहेत. डायलिसिसवरून आलेल्या तरुणाला पाण्याचे आणि फळांचे पथ्य आहे, पण त्याच्यासाठी वेगळी वाटी मांडून त्याची जागा राखता येते. आपा आधी जेवल्या असतील तर भजी तळताना त्यांचा हात थरथरणार नाही. अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो, आणि ज्यांना तो आजार आयुष्यभर सांभाळायचा आहे, त्यांना तो उघडपणे सांभाळता येईल असे घर आणि असा शेजार देवो. आमीन.